दोन पावलं, दोन खूर

१

कस्तानिया गावात दुपार झाली हे घड्याळात बघून कुणी ठरवत नसे. स्ताथिसमामांचं खेचर रानातून लाकडं घेऊन उतरायला लागलं की बायका चुलीवरचा घेवडा खाली काढत. ग्रीसमधल्या पेलिओन पर्वताच्या त्या चढावर घरं एकमेकांना टेकून उभी, मधून फरसबंदी वाट, आणि त्या वाटेवर नालांचे ठोके लांबून ऐकू येत. चार पायांचे चार ठोके, थोडे पुढेमागे, दगडावर दगड पडल्यासारखे.

झीसिस हे आवाज ऐकतच मोठा झाला होता. त्याच्या वडिलांकडे एके काळी खेचरांचा तांडा होता. अंगणात डोळे मिटून पडल्या पडल्या ते सांगत, "काळी येतेय. डावा मागचा नाल हललाय तिचा." आणि काळीच येई. मग गाडीरस्ता झाला, खेचरं विकली गेली, वडील गेले आणि झीसिस म्युनिकला शिकायला गेला. शिकला काय, तर जुन्या रंगवलेल्या घड्यांवरची चित्रं. त्यातही नरतुरंग. अर्धा माणूस, अर्धा घोडा. ज्या डोंगरावर तो प्राणी राहत असे असं सगळं जग म्हणतं, त्याच डोंगरावर आपला जन्म झालाय, ही गोष्ट तो तिथे कुणालाही, अगदी ट्राममध्ये शेजारी बसलेल्यालाही, सांगायचा.

आणि यंदाच्या वसंतात तो परत आला होता. नुसता भेटायला नाही, कायमचा. रानवेलींनी गिळलेली जुनी वाट वरच्या झऱ्यापासून खाली देवळापर्यंत मोकळी करायची, दगड पुन्हा बसवायचे, मग लोक चालायला येतील, गेलेली पोरं परततील, बंद घरांच्या खिडक्या उघडतील, असं त्याच्या डोक्यात होतं. ऑक्टोबरात बहिणीचं, लेमोनियाचं, लग्न होतं. गेल्या कित्येक नवऱ्या मोटारीने देवळात गेल्या होत्या. लेमोनिया या वाटेने पायी जाणार होती. पहिली.

लग्न आठवड्यावर आलं असताना एका दुपारी तो वरच्या वळणावर पहारीने मुळं उपटत होता. घाम डोळ्यांत जात होता आणि तो मोठमोठ्याने गात होता. तेवढ्यात वरून ठोके आले.

"मामा, आज उशीर!" तो ओरडला.

ठोके येत राहिले. टक्, टक्. मग काहीच नाही. पुन्हा टक्, टक्. झीसिसने गाणं थांबवलं. जिथे आणखी दोन ठोके यायला हवे होते तिथे दुसराच काहीतरी आवाज होता, मऊ, ओला. ओल्या फरशीवर कुणी अनवाणी चालावं तसा.

मग आवाज थांबला. वाटेवर नुसतं चेस्टनटचं एक बोंड गडगडत आलं.

संध्याकाळी चौकातल्या चिनाराखाली स्ताथिसमामा चिपुरोचा, द्राक्षाच्या कडक दारूचा, पेला घेऊन बसले होते. आईचे थोरले भाऊ; गावातलं शेवटचं खेचर त्यांचं आणि शेवटचा शब्दही त्यांचाच, असं त्यांना वाटे.

"मामा, तुमच्या खेचराचे पुढचे नाल पडलेत का?"

"कुणाचे? माझ्या राणीचे?" मामा खवळले. "कालपासून गोठ्यात आडवी आहे ती, पोट दुखतंय म्हणून. जर्मनीत डोळ्यांसोबत कानही फोडून घेतलेस की काय?"

२

दुसऱ्या दिवशी तो वरच्या झऱ्यापाशी गेला. दगडी तोटीतून पाणी पडतं तिथे खाली नेहमी चिखल असतो. चिखलात ठसे होते.

पुढे माणसाची पावलं. अनवाणी, रुंद, बोटं पसरलेली, जन्मात कधी जोडा न घातलेल्या पायांची. त्यांच्या मागे खूर. दोनच.

झीसिस खेचरवाल्याचा मुलगा होता; तो घाबरला नाही, त्याने विचार केला. चालीचं जनावर मागचा खूर नेमका पुढच्या खुराच्या ठशात टाकतं, म्हणून कधी कधी चारांचे दोनच दिसतात. म्हणजे कुणीतरी अनवाणी माणूस जनावराला दोरीने धरून पाण्यावर घेऊन आला. पलीकडच्या उतारावरचा एखादा धनगर. झालं.

तो उठला, चार पावलं गेला आणि पुन्हा वळला. दोरी धरून चालणारा माणूस कधी जनावराच्या जवळ येतो, कधी लांब जातो. इथे पावलं आणि खूर यांच्यातलं अंतर कुठेच बदलत नव्हतं. पुढे ओहोळ होता. ओहोळाच्या अलीकडे पावलं खोल रुतली होती, म्हणजे उडी मारली होती. पलीकडे आधी पावलं उतरली होती, मागे खूर. अंतर तेच. आणि खुरांना नाल नव्हते.

झीसिस चिखलात गुडघ्यांवर बसला. त्याचं हृदय इतकं धडधडत होतं की त्याला हसू आलं. कारण हे त्याला माहीत होतं! जगात त्याच्याइतकं क्वचितच कुणाला माहीत असेल. सर्वांत जुन्या घड्यांवर नरतुरंग असाच काढलेला असतो. पुढून अख्खा माणूस, स्वतःच्या दोन पायांवर उभा, आणि त्याच्या कमरेमागे घोड्याचं मागचं अर्धं धड. नंतरच्या चित्रकारांनी पुढेही घोड्याचे पाय दिले, आणि जगाला तेच रूप ठाऊक झालं. सुरुवातीच्या बिचाऱ्यांना जोड जमला नाही, असं त्याचे प्राध्यापक म्हणत. वर्गात सगळे हसत. झीसिसही हसला होता.

"जमला नाही?" तो आता झऱ्यासमोर एकटाच मोठ्याने म्हणाला. "अरे, त्यांनी बघून काढलं होतं!"

मग त्याला आपलीच लाज वाटली. शिकलेला माणूस चिखलात बसून बडबडतोय. धनगरच असणार. लंगडं जनावर असणार. पण खाली येताना तो पळत होता, आणि भीतीने नाही. लहानपणी वडील बंदरावरून काहीतरी घेऊन आलेत असं कळल्यावर तो असाच पळायचा.

३

घरात लग्नाची धांदल होती. लेमोनिया जमिनीवर फतकल मारून साखरबदाम जाळीच्या पुरचुंडीत बांधत होती. शेजारी तिचे पांढरे बूट पालथे पडले होते. तळव्यांवर मैत्रिणींनी आपापली नावं लिहून ठेवलेली, कारण चालून चालून जिचं नाव पुसलं जाईल तिचं लग्न पुढचं.

"तुझंही नाव लिहू का?" ती म्हणाली. "पण तुझी नवरी चार पायांची पाहिजे."

"दोन पायांची आणि दोन खुरांची," झीसिस म्हणाला.

"देवा! आई, याला आवर. परवा लग्नात पाहुण्यांना घड्यांच्या गोष्टी सांगत बसेल."

त्याने खरोखरच एकदा तिला सांगितली होती. एका फुटक्या खापरावरचं चित्र: लग्नाचं घर, उलटलेले पेले, दारू पिऊन बेभान झालेला नरतुरंग, आणि त्याच्या मुठीत नवरीचं मनगट. हात नाही, मनगट. आणि चौकटीच्या कडेने तलवार उगारून धावत येणारा वीर. "वीर नेहमी कडेने येतो," झीसिस म्हणाला होता, "आणि नेहमी वेळेवर." लेमोनियाने विचारलं होतं, "आणि खापर त्या कडेलाच फुटलं असेल तर?"

आईने भाकरीचं पीठ मळता मळता हात थांबवला. "ऐक. वाटेने जायचं ठरवलंच आहेस, तर रीतीने जायचं. तुझे वडील नाहीत, तेव्हा सगळं तुझ्याकडे."

रीत अशी होती. लग्नाच्या सकाळी नवीन पिंपातली पहिली सुरई नवरीच्या भावाने वर झऱ्यावर न्यायची. अर्धी सुरई वाइन, अर्धं झऱ्याचं पाणी. तोटीखालच्या दगडावर ठेवायची आणि खाली यायचं. मग वरातीत वाजंत्री पुढे, माणसं पुढे, आणि नवरी सगळ्यांच्या शेवटी, भावाचा हात धरून. तिच्या मागे कुणी चालायचं नाही. भावाने मागे बघायचं नाही, बाजूला बघायचं नाही आणि देवळाच्या दारात नवऱ्याच्या हाती देईपर्यंत तिचा हात सोडायचा नाही.

"तुझ्या वेळी कुणी नेली होती सुरई?"

"मी!" दारातून मामा म्हणाले. ते पिंप बघायला आले होते. "धावत गेलो, धावत आलो. चांगल्या वाइनीत पाणी! पाहुण्याला असं कुणी दिलं तर मी त्याच्या घराची पायरी चढणार नाही. पण आमचा बाप कंजूष, त्याचा बाप त्याहून कंजूष."

"अर्धं पाणी," आई म्हणाली. तिने मामांकडे पाहिलंसुद्धा नाही. "झीसिस, माझ्याकडे बघ. अर्धं."

"हो गं आई. अर्धं."

४

रविवारी सकाळी डोंगरावर धुकं उतरलं होतं. सुरई पोटाशी धरून झीसिस चढत होता. त्याने स्वतः बसवलेला एकेक दगड पायाखाली घट्ट होता. खालून देवळाच्या घंटेचा आवाज आला, कुणीतरी सनईसारखं क्लॅरिनेट जुळवून पाहत होतं, आणि त्याला वाटलं, आज हे गाव पुन्हा जिवंत होतंय आणि ते माझ्या हातून होतंय.

झऱ्यापाशी त्याने सुरई दगडावर ठेवली. अर्धी भरलेली, काळीभोर वाइन. गेल्या वर्षीच्या द्राक्षांची, जिभेला चिकटणारी. आता तोटीखाली धरायची, भरायची आणि निघायचं.

तेव्हा वर, चेस्टनटच्या झाडांत, तो आवाज आला. मऊ, मऊ. मग टक्, टक्. आणि थांबला.

झीसिस हलला नाही. धुक्यात झाडांची खोडं तेवढी दिसत होती. त्यांतलं एक खोड खोड नव्हतं, असं त्याला वाटलं. पण नजर तिथे नेली की ते खोडच असे. कुणीतरी श्वास घेत होतं. मोठा, सावकाश, जनावराच्या भात्याएवढा श्वास, आणि त्याच्या शेवटी माणसासारखं बारीकसं नाक ओढणं.

सुरईत पाणी घालायला हात पुढे झाला आणि तसाच राहिला.

त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नसेल, पण त्याला होतं. पुराणकाळचे लोक वाइन पाण्याशिवाय पीत नसत. आणि बिनपाण्याची वाइन नरतुरंगांच्या नाकात गेली की काय होई, त्याचीच तर सगळी चित्रं होती. पण त्याला हेही ठाऊक होतं की पाणी घातलं, तर तो सुरई पिऊन जाईल. आईच्या लग्नात आला तसा येईल, मामांना न दिसता जाईल. मग आयुष्यभर ते खोड होतं की काय होतं, याचाच विचार करायचा. पाणी नसलं तर वास लांब जाईल. तो जवळ येईल. एकदा, फक्त एकदा, दिवसाउजेडी, धड दिसेल.

'आणि तसंही,' त्याने मनाशी म्हटलं, 'लंगडं खेचर आणि धनगर. धनगराला बिनपाण्याची मिळाली तर तो दुवाच देईल.'

त्याने पाणी घातलं नाही. सुरई तोटीपासून लांब, कोरड्या दगडावर ठेवली आणि खाली उतरला. तो जवळजवळ पळतच होता. आनंदाने, असं त्याला वाटलं.

५

अंगणात माणसं मावत नव्हती. पिंप उघडलं होतं, पेले फिरत होते, मामा व्हायोलिनवाल्याला कुठलं गाणं वाजवायचं ते शिकवत होते. आत बायका लेमोनियाला सजवत होत्या आणि हसण्याचे लोट खिडकीतून बाहेर येत होते. झीसिस सगळ्यांना मिठ्या मारत होता. दोनदा त्याने मान वळवून वरच्या वाटेकडे पाहिलं. धुकं अंगणाच्या भिंतीपर्यंत आलं होतं.

"झीसिस." आई भिंतीपाशी उभी होती. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, आणि त्यामुळेच तो लगेच गेला.

भिंतीवर सुरई होती.

"तू खाली आणलीस?"

"नाही."

"पोरांपैकी कुणी?"

"असेल. येईल कुणीतरी घेऊन. पाहुणे वरच्या गावावरूनही येतायत ना."

आईने सुरई उचलली, पालथी केली. थेंबही पडला नाही. आतून कुणी जीभ फिरवून पुसावी तशी ती स्वच्छ होती. काठावर दात लागल्यासारखा टवका उडाला होता. आईने ती नाकाशी नेऊन हुंगली.

"पाणी घातलं होतंस ना?"

खिडकीतून लेमोनिया ओरडली, "आई, बूट! माझा डावा बूट कुणी घेतला?" आणि सगळ्या मैत्रिणी खिदळल्या.

"घातलं होतं," झीसिस म्हणाला.

"अर्धं?"

"अर्धं, आई."

तिने त्याच्या गालावर हात ठेवला. हात गार होता. "मग काही नाही," ती म्हणाली. "मग ठीक आहे. तिचा हात सोडू नकोस."

त्याच क्षणी त्याचा आनंद पहिल्यांदा आंबट झाला. 'मोटार काढू,' त्याच्या मनात आलं. 'धुकं आहे, रस्त्याने जाऊ.' तो बोलायला वळला. पण क्लॅरिनेट वाजलं, मामांनी आरोळी दिली आणि दारात लेमोनिया उभी राहिली, पांढरी, हसरी, दोन्ही बूट घातलेली.

"काय रे असा बघतोस?" ती म्हणाली. "ही तुझी वाट ना? चल, दाखव."

६

वाजंत्री पुढे गेली, माणसं पुढे गेली, आणि पहिल्याच वळणावर धुक्याने सगळ्यांना गिळलं. राहिलं नुसतं गाणं. झीसिसच्या डाव्या हातात बहिणीचा हात होता. उजवा मोकळा होता. तो डोळे खाली ठेवून चालत होता. दगड ओले होते आणि हे दगड बघत चालायला काहीच हरकत नव्हती.

"बूट सुंदर वाजतायत," लेमोनिया म्हणाली. "नावं पुसली जाणार बघ सगळ्यांची."

तिच्या टाचांचे ठोके. त्याच्या जोड्यांचे ठोके. आणि मागे, थोड्या अंतरावर, टक्, टक्.

"मामांनी राणीला आणलं का रे?"

"हो," झीसिस म्हणाला. "मागे बघू नको."

"माझ्या मागून कुणी चालायचं नाही म्हणाली होती ना आई?"

"तुझ्या मागे कुणी नाही. पुढे बघ, लेमोनिया. गाणं ऐक."

वास आला. ओली कातडी, चुरलेला पाला आणि वाइन. मग त्याच्या मोकळ्या उजव्या हातात कुणीतरी हात दिला.

हात मोठा होता, गरम होता, तळव्याला घट्टे होते. क्षणभर त्याला बरं वाटलं. उशिरा आलेला कुणी पाहुणा; फानिसचा, नवऱ्या मुलाचा, एखादा चुलत भाऊ. लग्नात लोक असेच हात धरतात. मग त्याच्या खाली वळलेल्या नजरेत, त्याच्या चकचकीत काळ्या जोड्याशेजारी, एक अनवाणी पाऊल पडलं. रुंद, बोटं पसरलेली, घोट्यापर्यंत चिखल. मग दुसरं. ती दोन्ही त्याच्या पावलाशी जुळवून पडत होती. आणि प्रत्येक जोडीनंतर, हातभर मागे, टक्, टक्.

जुन्या चित्रकारांनी पुढचे पाय माणसाचे का काढले ते त्याला तेव्हा कळलं. त्यांच्या माना खाली होत्या.

"तुझ्या पलीकडे कोण चालतंय?" लेमोनियाने हळूच विचारलं.

"फानिसचा भाऊ आहे कुणीतरी."

"प्यायलाय वाटतं. केवढा वास." ती हसली. तो हात हसला नाही. पण थांबला, जणू ऐकून घेतलं. मग तो झीसिसच्या तळव्यातून वर सरकला आणि त्याने झीसिसचं मनगट धरलं.

ओढ अगदी सौम्य होती. मागे नाही, आडवी. त्याच्या छातीवरून, डावीकडे, तिच्याकडे जाऊ बघणारी. दुसऱ्या बाजूने जाऊन तिला थेट धरायचं असतं तर त्याने केव्हाच धरलं असतं. पण त्यालाही रीत माहीत होती. भाऊ हात सोडतो तेव्हाच नवरी दुसऱ्याची होते. झीसिस पाय रोवत चालत राहिला, दोन्ही हात ताणलेले, मध्ये आपण. कडेने कुणी धावून येईल, असं एकदा त्याला वाटलं. धुक्याला कडच नव्हती. कडेने यायला दुसरा कुणी नव्हता.

"झीसिस, हात दुखतोय माझा."

"सोडणार नाही," तो म्हणाला. "थोडंच राहिलं."

आणि त्या सगळ्यात आत कुठेतरी तो जुना उत्साह उड्या मारत होता. बघ ना. बाजूलाच आहे. मान एवढीशी वळव. ज्याच्यासाठी आयुष्य दिलंस तो हातभरावर आहे. झीसिसने दगड बघितले. आपण बसवलेला एकेक दगड त्याने ओळखला आणि नजर त्यावरून हलू दिली नाही.

घंटा डोक्यावरच वाजली. देवळाची पायरी. धुक्यात फानिसचे बूट दिसले, फुलांचा गुच्छ दिसला, आणि फानिसचा हात पुढे आला. झीसिसने बहिणीचा हात त्याच्या हातात ठेवला आणि वरून आपली बोटं एकदा दाबली.

"आत जा," तो म्हणाला. "दोघं आत जा. दार लावून घ्या, धुकं येतंय."

"तू?"

"आलोच."

लेमोनियाने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या खांद्यापलीकडे पाहिलं, आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. पण फानिस तिला आत घेऊन गेला होता, धूप, दिवे, माणसं, आणि मामांचा आवाज, "अरे, भाऊ कुठंय?" दार लागलं.

पायरीखाली शांत होतं. मनगटावरची पकड सुटली नव्हती. आता ती कुठे दुसरीकडे ओढत नव्हती. फक्त वर, रानाकडे.

आता कुणाचा हात धरायचा नव्हता. आता बघायला हरकत नव्हती. झीसिसचं हृदय झऱ्यापाशी धडधडलं होतं तसंच धडधडू लागलं, आणि त्याने मान वर केली.

ओल्या खांद्यावर चेस्टनटची काटेरी बोंडं अडकली होती. ओठ वाइनीने काळे झाले होते. आणि तो चेहरा, फार म्हातारा, फार लाजरा, त्याच्याकडे बघून हसत होता. लग्नाला उशिरा पोचलेला नातेवाईक दारात उभा राहून हसतो, तसा.